चिकनची कलेजी घरी किती दिवस ठेवायची आणि पूर्ण शिजली हे कसं ओळखायचं?

सुदामानगरची_वहिनी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे रविवारी चिकन येतं आणि हे सोबत कलेजी-पोटा वेगळा मागून आणतात, सासूबाईंना सुकी कलेजी फार आवडते. आणली की त्याच दिवशी करायची असं असल्यामुळे ठेवायचा प्रश्न कधी आलाच नाही. आता नणंद बाळंतपणासाठी माहेरी येऊन राहिलीये, सातवा महिना लागतोय, हिमोग्लोबिन कमी आलंय आणि आईंचं म्हणणं की पोरीला एक दिवसाआड कलेजी दे, रक्त भराभर वाढतं. मतलब आता एकदम जास्त आणून ठेवावी लागणार आणि इंदूरला मे महिन्यात काय हाल असतात ते तुम्हाला माहीतच आहे, दुपारी ओट्यावर ठेवलेलं दूधसुद्धा टिकत नाही.

तर विचारायचं असं की कच्ची कलेजी फ्रिजमध्ये किती दिवस चालते, फ्रीजरला टाकली तर किती, आणि धुवायची की नाही, कारण आई हळद-मीठ लावून तीन पाण्यांनी धुतात आणि जाऊबाई म्हणतात बिलकुल धुवायची नाही. अजून एक, जास्त शिजवली की चिवट होते आणि कमी शिजवली की आत गुलाबी राहते, ती गुलाबी चालते का? काही तुकड्यांवर हिरवट डाग असतो तो काय प्रकार आहे तेही सांगा. नणंदेला द्यायची आहे म्हणून नीट विचारून घेतेय.

छावणीकर

वहिनी, फ्रिजच्या आधी दुकानाचं बघा. खूप ठिकाणी काउंटरवर एका टबात सकाळपासूनची कलेजी साठवलेली असते, वर ना जाळी ना खाली बर्फ, आणि गिऱ्हाईक आलं की त्यातूनच तोलून देतात. ती घ्यायची नाही. समोर कोंबडी कापली जात असेल तिथे उभं राहून सांगायचं की भैया आत्ता निघाली तीच द्या, पाव किलोसाठी दहा मिनिटं थांबावं लागतं पण थांबायचं. ताजी कलेजी गडद तांबूस, चकचकीत आणि बोटाने दाबली तर भरीव लागते. कडा वाळलेल्या, वर चिकट थर, आंबूस वास, असं काही दिसलं तर सोडून द्यायची. कधी कधी फिकट पिवळसर निघते, ती बहुतेक कोंबडीच्या खाण्यातल्या चरबीमुळे, वास चांगला असेल तर चालते.

आणि चिकन सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी भाजी, किराणा, मग चिकन आणि तिथून सरळ घर. मी स्कूटरच्या डिकीत एक छोटी थर्मासची पिशवी आणि त्यात फ्रीजरमधला जेलपॅक टाकूनच निघतो. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी किती तापते ते हात लावून बघा एकदा.

गुलाबीचं म्हणाल तर मी स्वतः आत हलकी गुलाबी ठेवतो, तशी मऊ राहते आणि चवही तिलाच आहे. वर्षानुवर्षं खाऊन राहिलोय.

फूडटेक_इंदोरी

छावणीकर दादा, खरेदीचं सगळं अगदी बरोबर, पण गुलाबीबद्दल मी जोर देऊन नाही म्हणेन, आणि वहिनींच्या घरी तर नाहीच नाही. माझं कामच खाण्याच्या तपासणीचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू राहतो. कोंबडीला त्याचा काही त्रास होत नाही, ती छान धडधाकट असते, त्यामुळे दुकानात बघून काही कळत नाही. मांसाच्या इतर भागांवर तो बहुतेक वरच्या बाजूला असतो, कापताना लागलेला. कलेजीचं वेगळं आहे, तिच्यात तो आतपर्यंत असू शकतो. म्हणून बाहेरून खरपूस आणि आत गुलाबी हा हिशोब कलेजीला लागूच पडत नाही, जिथे गुलाबी आहे तिथेच जिवंत जिवाणू उरलेला असू शकतो. ब्रिटनमध्ये चिकन लिव्हरची मऊ पेस्ट करतात, पाते म्हणतात तिला, आत मुद्दाम गुलाबी ठेवलेली असते, आणि तिकडे कॅम्पिलोबॅक्टरच्या साथींचा माग कितीदा तरी याच पदार्थापर्यंत पोहोचलाय. आजारी पडायला तो फार लागतही नाही, काही शे जिवाणू पोटात गेले तरी पुरतात.

आता आकडे. मधोमध ७० अंश सेल्सिअस गाठून ते दोन मिनिटं टिकलं पाहिजे, हा ब्रिटनचा हिशोब. अमेरिकेत ७४ अंश सांगतात आणि तिथे थांबायची गरज नाही, ७४ दिसले की झालं. घरी ७४ लक्षात ठेवणं सोपं. प्रोब, म्हणजे टोकदार सळई असलेला डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळतो, सगळ्यात जाड तुकड्याच्या मधोमध खुपसायचा, टोक कढईला लागू द्यायचं नाही नाहीतर कढईचं तापमान दाखवेल. नवीन आणला की तपासून घ्या, बर्फ घातलेल्या पाण्यात ० च्या जवळ दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० ची अपेक्षा ठेवू नका, आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वर आहे, इथे पाणी ९८ च्या जवळपासच उकळतं. कोणी त्यामुळे चांगला थर्मामीटर खराब समजून वापस करू नये म्हणून सांगतोय.

ठेवण्याबद्दल: कच्ची कलेजी ४ अंश किंवा त्याहून थंड फ्रिजमध्ये एक ते दोन दिवस, बस. मी स्वतः दुसऱ्या दिवसापर्यंत नेत नाही. उणे १८ च्या फ्रीजरमध्ये तीन-चार महिने चांगली राहते, त्यानंतर धोका असा नाही पण चव आणि पोत उतरतो. शिजवलेली फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस. आणि बाहेर ओट्यावर, कच्ची असो की शिजलेली, दोन तासांच्या वर नाही, हवा ३२ च्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मे महिन्यात एकच तास धरा आणि दुकानातून घरी यायचा वेळही त्यातच मोजा.

छावणीकर

पण मग इतकी वर्षं काही झालं नाही ते कसं? आणि बाहेर देशात मटणाचे, बीफचे मोठे तुकडे आत लाल ठेवून खातातच की.

फूडटेक_इंदोरी

दादा, अखंड मोठ्या तुकड्यात जिवाणू बहुतेक वरच असतात आणि वरचा भाग तव्यावर भाजला जातो, म्हणून ते चालवून घेतात. तेच मांस खिमा केलं की वरचं आत जातं आणि तेच लोक खिमा पूर्ण शिजवा म्हणतात. कलेजीत तर न कापताच आत असू शकतो.

काही झालं नाही याबद्दल, एक गोष्ट बघा. या संसर्गाची लक्षणं बहुतेक दोन ते पाच दिवसांनी येतात. रविवारी कलेजी खाल्ली आणि बुधवारी ताप, पोटात कळा, जुलाब सुरू झाले तर माणूस मंगळवारी रात्री बाहेर खाल्लेल्या चाटला दोष देतो, रविवारचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. धडधाकट माणूस आठवड्यात बरा होतो, विषय संपतो. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई यांना तोच प्रकार जड जातो.

बिजलपूरच्या_काकू

वहिनी बाई, माझं आख्खं आयुष्य मटण-चिकनचा स्वयंपाक करण्यात गेलं. न धुता कसं करायचं गं? रक्त असतं, पिसं चिकटलेली असतात, दुकानदाराचे हात कसे असतात ते आपल्याला माहीत आहे. आमच्यात हळद-मीठ चोळून धुतल्याशिवाय मांस कढईत पडत नाही. हे न धुण्याचं मला पटत नाही.

बाकी हिरव्या डागाचं सांगते. ती पित्ताची पिशवी फुटलेली असते. कलेजीला चिकटूनच असते ती, काढताना फुटली की हिरवं पाणी लागतं आणि तेवढा भाग कडूजहर होतो. विष नसतं ते, पण एक तुकडा सगळ्या भाजीची चव घालवतो. डाग दिसला की सुरीने आजूबाजूचं थोडं घेऊन कापून टाकायचं, धुवून जात नाही ते. पिशवीच अख्खी राहिली असेल तर न फोडता मुळापासून काढायची. मधल्या पांढऱ्या शिरा आणि चरबीही काढायची, चिवट लागते ती याच्यामुळेही लागते.

फूडटेक_इंदोरी

काकू, तुमचा मुद्दा समजतो, स्वच्छतेची तळमळ आहे त्यामागे आणि दुकानांची अवस्था बघता ती चुकीचीही नाही. फक्त नळाखाली धुतल्याने काय होतं ते सांगतो. पाण्याने जिवाणू जात नाहीत, त्यांना उष्णताच लागते. उलट धारेचे शिंतोडे उडतात ते सिंकच्या काठावर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटांवर, कोथिंबिरीच्या जुडीवर, आपल्या गाऊनवर. कलेजी तर पुढे शिजणार आहे, कोथिंबीर मात्र वरून कच्चीच पडणार. घरांत आजार असाही येतो.

तरी मन मानत नसेल तर मधला रस्ता घ्या. खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात कलेजी हलक्या हाताने बुडवून काढायची, नळ चालू नाही, चोळाचोळी नाही. शेजारची भांडी आधी उचलून ठेवायची. पाणी सिंकमध्ये हळू ओतायचं आणि लगेच सिंक, नळाची तोटी, पातेलं साबणाने घासायचं, आणि हात वीसेक सेकंद साबणाने. खरं तर किचन टिशूने नीट टिपून घेतली तरी रक्त आणि पिसं निघतात, आणि कोरडी कलेजी तेलात उडतही कमी.

बिजलपूरच्या_काकू

पातेल्यात बुडवून काढायचं जमेल मला, हे ठीक आहे. कोथिंबिरीचं कधी लक्षात आलं नव्हतं, आमच्याकडे ती सिंकशेजारीच असते.

आता करायची कशी ते लिहिते, वहिनीने चिवट होते म्हटलंय म्हणून. अर्धा किलो धरा. एकेका कलेजीचे दोन-तीन तुकडे, पण सगळे सारखे, लहान-मोठे केले की लहान वाळतात आणि मोठे कच्चे राहतात, सगळी गडबड इथेच होते. पोटा सोबत असेल तर तो वेगळा, त्याच्या आतलं पिवळं कडक साल सोलून टाकायचं आणि कुकरला मऊ करून घ्यायचा, मग शेवटी कलेजीत मिसळायचा. दोन्ही एकत्र कढईत टाकले तर पोटा शिजेपर्यंत कलेजीचं लाकूड होतं.

लोखंडी कढईत तेल चांगलं तापवायचं, दोन कांदे बारीक चिरून तांबूस होऊ द्यायचे, त्यावर आलं-लसूण ठेचा, हळद, तिखट, धने पूड, आमचा काळा मसाला एक चमचा. मसाल्याला तेल सुटलं की कलेजी एका थरात पसरवायची, ढीग नको. दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही, मग उलटायची, परत दोन-तीन मिनिटं. मग पाण्याचा एक हबका, झाकण, आणि आच एकदम बारीक. पाच-सहा मिनिटं. झाकणामुळे वाफ आतपर्यंत जाते आणि कलेजी वाळत नाही, मोठ्या आचेवर उघडी ठेवून परतत राहिलं की चिवट होणारच. आणि ती फट्‌कन फुटते, गरम तेल उडतं, म्हणूनही झाकण पाहिजे, पोरांना ओट्याजवळ येऊ द्यायचं नाही. मीठ मी शेवटी घालते. उतरवून मिरपूड भरड, लिंबू, कोथिंबीर. ज्वारीच्या भाकरीबरोबर द्या.

शिजली का ते मी जाड तुकडा मोडून बघते, आत एकसारखा करडा-तपकिरी रंग पाहिजे आणि दाबल्यावर लाल पाणी यायला नको.

फूडटेक_इंदोरी

काकूंची पद्धत उत्तम आहे, झाकण आणि बारीक आच हेच खरं उत्तर. मोडून बघणं हा थर्मामीटर नसताना आधार आहे, पण फक्त रंगावर निर्भर राहू नका, मसाल्यात हळद-तिखट असतं आणि संध्याकाळी किचनच्या पिवळ्या लाइटमध्ये गुलाबी काय, तपकिरी काय, नीट कळत नाही. काही दिवस थर्मामीटर लावून बघितला की आपल्या कढईला, आपल्या गॅसला किती वेळ लागतो ते हाताला कळतं.

आहारवाली

धागा आज वाचला आणि काळजी वाटली म्हणून लगेच लिहून राहिलीये. वहिनी, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फ्रिजची नाहीच आहे. गरोदर नणंदेला एक दिवसाआड कलेजी देऊ नका. नीट शिजवलेली असली तरी.

कलेजीत लोह भरपूर आहे हे खरं, कच्च्या १०० ग्रॅममध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, आणि फोलेटही खूप. पण त्याच १०० ग्रॅममध्ये व्हिटॅमिन ए साधारण ३३०० मायक्रोग्रॅम असतं, ते पण तयार रेटिनॉलच्या रूपात. मोठ्या माणसासाठी, गरोदर बाईसाठीही, तयार रेटिनॉलची दिवसाची वरची मर्यादा ३००० मानतात. म्हणजे एक वाटीभर भाजीत मर्यादा ओलांडली. हे शरीरात साठत जातं, लघवीवाटे निघून जात नाही, आणि जास्त झालं तर बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतात. सुरुवातीच्या महिन्यांत धोका सगळ्यात जास्त, पण पुढेही टाळायचंच असतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस तर सरळ सांगते की गरोदरपणात लिव्हर आणि लिव्हरचे पदार्थ नको. गाजर, भोपळा, पालक यांनी हा प्रश्न येत नाही, त्यातलं बीटा कॅरोटीन शरीर लागेल तेवढंच बदलून घेतं. कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर त्याही याच कारणाने नको.

रक्त वाढवायचं काम डॉक्टरांनी दिलेल्या गोळीला करू द्या. अ‍ॅनिमिया मुक्त भारत या सरकारी योजनेत गरोदर बायकांना चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी १८० दिवस असते, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. हिमोग्लोबिन जास्त कमी असेल तर डॉक्टर डोस बदलतात. आता इथे खूप घरांत काय होतं की गोळी चहाबरोबर घेतली जाते किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबतच, आणि मग लोह अंगाला लागतच नाही. चहा-कॉफी आणि लोह यांत किमान एक तास ठेवा, कॅल्शियम वेगळ्या वेळी, आणि लोहाच्या वेळी लिंबू पाणी किंवा आवळा. मळमळ होत असेल, शौचाला कडक होत असेल, तरी गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतात.

खाण्यात मांस द्यायचंच असेल तर मटण किंवा चिकनच्या तंगडीचं मांस पूर्ण शिजवून द्या, अंडं पूर्ण उकडलेलं. पोटाही चालेल, त्यात व्हिटॅमिन ए नगण्य असतं. सोबत हरभरे, बाजरी, लिंबू पिळलेली उसळ.

बाकी घरात ज्यांना काही त्रास नाही त्यांनी आठवड्यातून एकदा कलेजी खायला हरकत नाही. युरिक अ‍ॅसिड वाढलेलं असेल किंवा गाउट असेल तर ती टाळलेलीच बरी.

सुदामानगरची_वहिनी

ताई, बापरे, हे मला माहीतच नव्हतं आणि आमच्या घरात कोणालाच नाही. खूप खूप आभार. पण आता आईंना कसं सांगू? त्यांच्या आईने त्यांना दिली होती, त्यांनी मोठ्या नणंदेला दिली होती, आणि त्या इतक्या प्रेमाने करून राहिल्यात की मी नको म्हटलं तर त्यांना वाटेल सून नणंदेच्या खाण्यात आडवी येतेय.

बिजलपूरच्या_काकू

वहिनी, मी तुझ्या सासूच्या वयाची आहे म्हणून सांगते. तू सांगू नकोस. पुढच्या तपासणीला आईंना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरणीसमोर त्यांनाच विचारू दे की मॅडम, मी हिला कलेजी देऊ का. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्या नातवंडासाठी स्वतःच बंद करतील, आणि सुनेवर काही येणार नाही. आणि तोवर त्यांच्या हाताला दुसरं काम दे. म्हणावं आई, तुमच्या हातचा मटणाचा रस्सा वन्संना आवडतो, तो करा. करायची हौस भागली पाहिजे बाई, माहेरी आलेल्या लेकीला खाऊ घालायचं असतं आईला.

एक मात्र, तपासणीला वेळ असेल तर मध्ये कलेजी घरात आणूच नका, आणली की ताटात पडते.

पुण्यात_इंदुरी

मूळचा लोकमान्यनगरचा, सध्या पुण्यात. फूडटेक दादांनी ज्या जिवाणूचं नाव घेतलं ते आमच्याकडे २०२५ च्या जानेवारीत घराघरात पोचलं होतं. सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट एकदम वाढले, माणसाच्या हातापायातली ताकदच जायची, काही जण व्हेंटिलेटरवर. तपासणीत काही पेशंटमध्ये हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. तेव्हा मुख्य संशय पाण्यावर होता, पण चिकन पूर्ण शिजवा, पनीर कच्चं खाऊ नका असंही सांगत होते. मला विचारायचंय की कलेजीमुळेही असं होऊ शकतं का?

फूडटेक_इंदोरी

जिवाणू तोच, त्यामुळे पाण्यातून येवो की कलेजीतून, शक्यता राहते. पण घाबरून जाऊ नका. या संसर्गानंतर हजारात एखाद्याला जीबीएस होतो, शरीर जिवाणूशी लढताना चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी किंवा दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या, अशक्तपणा जाणवून तो वर चढत असेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. पूर्ण शिजवलेल्या कलेजीने हे होत नाही.

भंवरकुआं_रूम_नं_३

मी इथे कोचिंगसाठी राहतो, रूमवर जुना सिंगल डोअर फ्रिज आहे, वरती बर्फाचा छोटा खण आणि खाली एक ट्रे. चिकनपेक्षा कलेजी स्वस्त पडते म्हणून आम्ही दोघं मित्र आणतो. यात कच्ची कुठे ठेवायची? एका ठिकाणी वाचलं की सगळ्यात खाली ठेवा, दुसऱ्या ठिकाणी वाचलं की सगळ्यात थंड जागी ठेवा, आमच्या फ्रिजमध्ये खाली तर भाजीचा ड्रॉवर आहे तो सगळ्यात गरम.

फूडटेक_इंदोरी

प्रश्न एकदम बरोबर आहे. खाली ठेवा सांगतात ते अशासाठी की पिशवीतून रक्ताचं पाणी गळून खालच्या अन्नावर पडू नये. तुमच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाखालचा ट्रे सगळ्यात थंड, कच्ची तिथेच ठेवा, पण दुकानाच्या पातळ पिशवीत नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा भरगच्च नाही, आणि त्या ट्रेमध्ये दुसरं काही नाही. खालच्या फळीवर जे असेल ते झाकलेलं. दारात कधीच ठेवायची नाही, दार दिवसातून कितीदा उघडतं.

वरच्या बर्फाच्या खणावर महिनोन्महिने भरवसा ठेवू नका, जुन्या सिंगल डोअरमध्ये तो उणे १८ पर्यंत जाईलच असं नाही, आणि डीफ्रॉस्टचं बटण दाबलं की सगळं पिघळतं. आठवड्याभरात संपेल एवढीच ठेवा, दगडासारखी घट्ट गोठलेली असेल तरच. आणि तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे आणली की लगेच शिजवा आणि शिजवलेली ठेवा. पसरट डब्यात पातळ थर करा म्हणजे लवकर गार होते, वाफ गेली की तासाभरात फ्रिजमध्ये. खाताना लागेल तेवढीच काढून वाफा येईपर्यंत गरम करा, सगळी सारखी सारखी गरम करायची नाही.

फ्रीजर चांगला असेल त्यांनी आणल्या दिवशीच एका जेवणापुरते पुडे करून, चपटे करून, वर तारीख लिहून टाकायचे. चपटा पुडा लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. काढायचा तो आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या भागात, ताटलीत ठेवून. ओट्यावर किंवा गरम पाण्यात नाही, वरचा भाग कोमट होतो आणि मध्ये बर्फ तसाच. घाई असेल तर पुडा बंद ठेवून गार पाण्यात, अर्ध्या तासाने पाणी बदलत, आणि मग लगेच शिजवायची. गोठवल्याने जिवाणू मरतात असं समजू नका, थोडे कमी होतात एवढंच.

छावणीकर

एक राहिलं होतं. वास चांगला आहे म्हणजे कलेजी सुरक्षित आहे असं मी धरत होतो, बहुतेक लोक धरतात. पण वरचं वाचून असं दिसतं की वास येतो तो नासवणाऱ्या जिवाणूंमुळे आणि आजारी पाडणारे वेगळे, त्यांना वासच नसतो. बरोबर समजलो ना? म्हणजे वास आला तर फेकायचीच, पण नाही आला म्हणून ढील द्यायची नाही.

थर्मामीटर मागवला, आला, पहिल्यांदा लावला तर मी ज्याला तयार म्हणायचो तिथे मधोमध ५८ दिसले. झाकण ठेवून बारीक आचेवर आणखी चार मिनिटं, ७५. खाऊन बघितली, मऊच होती. गुलाबीपेक्षा थोडी घट्ट आहे, खोटं बोलणार नाही, पण चिवट नाही. तुकडे सारखे कापायचं काकूंचं एकदम खरं.

फूडटेक_इंदोरी

बरोबर समजलात दादा. आकडा लिहिलात ते खूप चांगलं केलंत.

तीन_मांजरांची_आई

मांजरांना कच्ची कलेजी देतात बरेच जण, ते चालतं का?

आहारवाली

शिजवून, बिनामसाला-बिनाकांदा-लसूण, आणि अगदी थोडी, कधीतरी. रोज कलेजी खाणाऱ्या मांजरांना व्हिटॅमिन ए जास्त होऊन मान आणि पाठीची हाडं जखडतात. आणि कच्चीमधला जिवाणू मांजराच्या ताटलीतून, तोंडातून आपल्या मुलांपर्यंत येतो.

सुदामानगरची_वहिनी

मंडळी, कळवायला आले. काकूंनी सांगितलं तसंच केलं, आईंना तपासणीला घेऊन गेलो आणि त्यांनीच विचारलं. डॉक्टर मॅडमनी कलेजीला स्पष्ट नाही सांगितलं, गोळी बदलून दिली आणि चहाबद्दल विचारलं तर नणंद खरंच सकाळच्या चहासोबतच घेत होती. आई घरी येईपर्यंत गप्प होत्या, मग स्वतःच म्हणाल्या की आता बाळ होईपर्यंत कलेजी घरात नको. आज मटणाचा रस्सा केलाय त्यांनी, लिंबू कापून नणंदेच्या ताटात त्याच ठेवून राहिल्यात.

एक शेवटचं विचारते. काल आमच्याकडे दुपारभर लाइट नव्हती, पाच तास तरी. फ्रीजरमध्ये चिकनचे दोन पुडे आहेत आणि फ्रिजमध्ये सकाळी मॅरिनेट केलेलं होतं. ठेवू की टाकू?

फूडटेक_इंदोरी

वहिनी, छान झालं.

फ्रीजर उघडला नसेल तर पुडे ठीक आहेत, गच्च भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. लाइट आली तेव्हा बर्फ घट्टच असेल तर काळजी नाही. खालचा फ्रिज मात्र बंद दाराने चारच तास धरतो, आणि आपल्या उन्हाळ्यात दार एक-दोनदा उघडलंच असेल. मॅरिनेट केलेलं टाकून द्या, दही-लिंबू लावलं म्हणून ते वाचत नाही. पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरच्या एका कोपऱ्यात ठेवा आणि सकाळी कचरा गाडी आली की ओल्या कचऱ्यात द्या, ओट्याखालच्या डब्यात रात्रभर राहू देऊ नका. पिशवी वेगळी काढून सुक्यात.